पश्चिमेचा वाटा

१४ जून, शनिवार

ही डायरी मी काउंटरला बसते त्या पतसंस्थेने ठेवीदारांना देण्यासाठी छापली होती. काही उरल्या, म्हणून एक मला मिळाली आणि सहा महिने फ्रिजवर पडून राहिली. आज शेजारच्या कुसाबाई म्हणाल्या, कंत्राटदार काय बोलला ते त्याच दिवशी लिहून ठेवत जा, नाहीतर महिन्याने तोच तुला सांगतो की तूच तसं म्हणाली होतीस. त्यांनी मागच्या वर्षी स्वयंपाकाचा ओटा नवा करून घेतला, तेव्हापासून त्या या विषयातल्या जाणकार झाल्या आहेत. म्हणून आजपासून लिहायचं. फक्त कामाचं. मनातलं लिहून काढायची मला सवय नाही आणि हौसही नाही.

तर कामाचं. सिडकोतलं हे घर बाबांनी कारखान्यात असताना घेतलं आणि वरचा मजला पुढे हळूहळू चढवला. वर दोन खोल्या आहेत, एक पूर्वेकडे, एक पश्चिमेकडे. मी खाली राहते. आई बाबांच्या आधी गेली, बाबांना आता दोन वर्षं होतील. ते नेहमी म्हणायचे, देवळ्याची शेती सोमाची, नाशिकचं घर उज्वलाचं. सोमा म्हणजे माझा धाकटा भाऊ सोमनाथ. कागद मात्र कुणी केला नाही. शेती तो करतो, घरात मी राहते, आणि घर अजून बाबांच्याच नावावर आहे.

वरच्या लाकडी खिडक्या फुगून लागेनाशा झाल्या, म्हणून काढल्या आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवायला दिल्या. कंत्राटदार जीवनभाऊ. मूळचे सुरगाण्याकडचे, नाशकात मुरलेले. बोलणं असं गोड की त्यांना रागवायचं राहूनच जातं. ठरलं असं होतं की खिडकीच्या वर भिंतीत खाच मारायची आणि त्या खाचेत पत्र्याची वाकवलेली पट्टी अडकवायची. म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी चौकटीत न शिरता पुढे पडतं. आज संध्याकाळी वर जाऊन पाहिलं तर खाचेचा पत्ता नाही. पट्टी भिंतीवर नुसती चिकटवली आहे, पाकिटाला तिकीट चिकटवतात तशी.

फोन केला. जीवनभाऊ म्हणाले, ताई, आता सगळीकडं असंच करतात, ही नवीन पद्धत आहे. मी म्हटलं, मला जुनी पद्धत हवी आहे. ते म्हणाले, बघू.

२२ जून, रविवार

नव्या पद्धतीचा निकाल लागला. काल दुपारपासून झोडपून पाऊस. दोन्ही खोल्यांत खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी आलं. पूर्वेकडे थोडं, पश्चिमेकडे भिंतभर. बाबांच्या पलंगावर प्लास्टिक टाकलं, खाली बादली ठेवली.

जीवनभाऊ आले, पाहिलं, आणि म्हणाले की पाऊस तिरपा आहे. नाशकात पाऊस पश्चिमेकडून तिरपाच येतो, मी म्हटलं, बाबांच्या वेळेपासून येतो. मग म्हणाले भिंतीचा गिलावा जुना आहे. मग रंग हलका आहे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण यांच्यासाठीच केली असावी. मी आवाज चढवला. कुसाबाई त्यांच्या गच्चीवर कपडे काढायला आल्या आणि कपडे काढून झाले तरी गेल्या नाहीत.

शेवटी खाच मारून देतो म्हणाले. कधी, ते विचारलं तर, उद्याच. त्यांचा उद्या कसा असतो ते मला कळायला लागलं आहे.

४ जुलै

खाच मारली एकदाची. बहिरू नावाचा गवंडी मशीन घेऊन आला. धुळीने माझी तुळस पांढरी झाली. पट्ट्या आता भिंतीत नीट अडकवल्या आहेत, वर सिमेंट भरलं आहे. मी खिडकीतून हात घालून पट्टी ओढून पाहिली, हलली नाही. मला अगदी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. रात्री स्वतःसाठी शिरा केला.

८ जुलै

पूर्वेची खोली कोरडी. पश्चिमेची ओली.

जीवनभाऊंना बोलावलं. ते म्हणाले, ताई, तुम्ही म्हणाला तशी पट्टी बसवली, आता पाणी आलं तर माझा काय दोष? त्यांच्या बोलण्यात यावेळी जोर होता. मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर न सुचणं मला सहन होत नाही. तुमचं काम पुरं झालेलं नाही एवढंच मी म्हटलं. ते चहा न घेता गेले.

१३ जुलै, रविवार

सोमा आला होता. पिकअपमध्ये कांद्याची गोणी, मक्याची कणसं आणि अंजलीने दिलेला शेंगदाण्याचा कूट. अंजली त्याची बायको. दोघं नवरा-बायको दर वेळी इतकं पाठवतात की मला अर्धं कुसाबाईंकडे द्यावं लागतं.

जेवून वर गेला तो बराच वेळ खाली आला नाही. मी बघायला गेले. पश्चिमेच्या खोलीत उभा राहून तो भिंतीला हात लावून बघत होता, नाकाने वास घेत होता. मला म्हणाला, इथं झोपणाऱ्याच्या छातीत भरंल. मी म्हटलं, झोपतंय कोण इथे. त्याने भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं टाकली, पलंग खिडकीपासून सरकवता येईल का ते पाहिलं, आणि टेबलासाठी बटण कुठे आहे ते विचारलं. कसलं टेबल, म्हटलं. सहज, म्हणाला.

वैष्णवीचं विचारलं. त्याची मुलगी, यंदा बारावी झाली. फॉर्म भरलेत, बघू कुठं लागतं, एवढंच म्हणाला आणि विषय बदलला. एरवी लेकीचं बोलायला लागला की थांबत नाही. काहीतरी मनात होतं त्याच्या. जाताना दारात दोनदा थांबला.

१६ जुलै, बुधवार

आज दुपारी पतसंस्थेत काउंटरला गर्दी असताना जीवनभाऊंचा फोन आला. जसं बोलले तसं लिहून ठेवते.

‘ताई, तुमचे भाऊ आलते आत्ता. वाटा मागत्यात.’

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. काय मागतात, विचारलं.

‘वाटा. सगळीकडं नको म्हनले, पूर्वेकडचं राहू द्या. पण पश्चिमेकडं वाटा पायजेच म्हनले. आता हे पहिलं ठरलं नव्हतं ना ताई. तुम्ही भाऊ-बहीण काय ते ठरवा अन् मला सांगा. मी उगाच मधी कशाला पडू.’

समोर एक ठेवीदार सही करत उभे होते. मी फोन उलटा ठेवला आणि त्यांची पावती चुकीच्या तारखेची फाडली. घरी आल्यावर कुसाबाई म्हणाल्या, हो, सोमनाथ आला होता की, माझ्याकडूनच किल्ली नेली, वरून पाहून गेला, घाईत होता.

नाशकात येतो, माझ्या घरात जातो, मला फोन नाही. आणि जे बहिणीला सांगायचं ते कंत्राटदाराला सांगतो.

१७ जुलै

रविवारी पावलं टाकली ती खोली मोजत होता. पलंग कुठे, टेबल कुठे. आणि मी म्हणत होते की याच्या मनात काय आहे.

काउंटरच्या या बाजूला बसून मी वर्षानुवर्षं हेच पाहत आले आहे. बापाच्या ठेवीवरून भाऊ-बहिणी एकमेकांच्या अंगावर जातात, आणि मी मनात म्हणते, आमच्यात असं नाही. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ.

जीवनभाऊंना फोन करून सांगितलं, वाटा मिळणार नाही, त्यांना तसं कळवा. जीवनभाऊ म्हणाले, बरं झालं ताई, माझंबी तेच मत होतं. त्या माणसाचं मत माझ्या बाजूने पडलेलं पाहून मला आणखीच वाईट वाटलं.

२१ जुलै, सोमवार

सोमाचा फोन. मागे कांद्याच्या लिलावाचा गलका, त्याचं अर्धं बोलणं त्यातच बुडत होतं.

‘ताई, जीवन म्हणतो तू वाट्याला नाय म्हणालीस.’

हो, म्हणाले, मी म्हटलं.

‘आगं पण का? आत्ता नाय दिला तर पुढं लय महाग पडंल. सगळं घर हातचं जाईल एक दिवस.’

मी म्हटलं, माझ्या जिवंतपणी तरी नाही.

तो हसला. खरंच हसला. ‘येडी हे का तू? दोन दिवसाचं तर काम हे. मी राखीला येतोच ना, तवा करून टाकू. तुला काय तरास होऊ देत नाय.’

मग कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला. दोन दिवसांचं काम. म्हणजे कचेरीत किती फेऱ्या, किती सह्या, सगळी चौकशी करून बसलाय. आणि राखीच्या दिवशी. माझ्या हातून राखी बांधून घेणार आणि त्याच हाताची सही घेणार.

२४ जुलै

पतसंस्थेत येतात त्या वकिलांना मैत्रिणीचं म्हणून विचारलं. मृत्युपत्र नसेल तर दोघांचा हक्क सारखा, म्हणाले. घरात भावाचा, तसा शेतीत बहिणीचाही. तुमच्या मैत्रिणीला सांगा, शेतीत अर्धा मागा, भाऊ ताळ्यावर येईल.

हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं, अगदी बरं वाटलं. मग घरी येताना बसमध्ये त्या बरं वाटण्याचीच शरम वाटली. वकील शेवटी म्हणाले, मैत्रिणीला पाठवा कधीही. ते हसत होते की काय कोण जाणे.

३ ऑगस्ट, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं रोज एकच होतं, बादली भरली आणि ओतली. जीवनभाऊंनी काम थांबवलं आहे. पश्चिमेच्या भिंतीवर काळे ठिपके आले आहेत, कपाटातल्या बाबांच्या स्वेटरला वास येतो.

सकाळी वैष्णवीचा फोन आला. आत्या, तुझ्या घरून कॉलेज रोडला बस किती वेळात जाते गं? मी म्हटलं, सुटली तर जाते. मग म्हणाली, आत्या, तुला एकटीला कंटाळा नाही का येत? मला तिचा राग आला. तिलाही शिकवून फोन करायला लावला असेल, असं वाटलं. मी म्हटलं, मला कंटाळा यायला वेळ नाही, आणि फोन ठेवला. पोर चांगली आहे. तिच्याशी असं बोलायला नको होतं.

दुपारी बादली ओतायला वर गेले आणि बाबांच्या पलंगावर बसले. प्लास्टिकवरच. शेवटचे महिने बाबा हट्टाने याच खोलीत राहिले. दर आठवड्याला सोमा देवळ्याहून यायचा, बाबांना उचलून जिन्यावरून खाली आणायचा, दवाखान्यात न्यायचा, परत वर ठेवायचा. डॉक्टरने त्याला कमरेला पट्टा बांधायला सांगितला, तरी यायचा. तेव्हा कुणी कुणाचं मोजत नव्हतं.

मला घर जाईल याचं दुःख आहेच, खोटं कशाला लिहू. पण त्याहून जास्त हे टोचतं की त्याने मला विचारलं नाही. माझी इतकी भीती वाटावी असं मी काय केलं? की मी आहेच तशी? जीवनभाऊंशी बोलताना माझा आवाज कसा चढतो ते त्याने ऐकलं आहे.

ठरवलं. मागायच्या आधी आपणच द्यायचं. पश्चिमेची खोली सोमाला. त्याच्या हक्काची आहे. राखी बांधायची, ओवाळायचं, आणि मग सांगायचं. भाऊ गेला तर पूर्वेची कोरडी खोली घेऊन मी काय करू?

९ ऑगस्ट, शनिवार

आजचं सगळं लिहायचं आहे. हसू येतंय आणि मधेच रडू येतंय, अक्षर वाकडं गेलं तर जाऊ दे.

सोमा सकाळीच आला. एकटाच. पिकअपमधून त्याने सिमेंटची गोणी उतरवली, घमेलं, थापी, आणि एक रिकामी काचेची बाटली. मी दारात उभी राहून बघत होते. मला वाटलं, खोली आपली होणार म्हणून आधीच दुरुस्तीला लागला. पुऱ्यांची कणीक मळलेली होती, तेल तापायला ठेवलं होतं. म्हटलं आधी राखी होऊ दे, नाहीतर माझा धीर सुटेल. गॅस बंद केला.

त्याला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, राखी बांधली, ओवाळलं, पेढा भरवला. त्याने खिशात हात घातला तसा मी तो धरला.

‘ओवाळणी नको. आधी ऐक. पश्चिमेची खोली तुझी. पाऊस गेला की कागद करू. तुझा वाटा आहे, तू मागितलास यात काही चूक नाही. फक्त मला सांगायचं होतंस सोमा, त्या जीवनला नाही.’

सोमाच्या तोंडात पेढा तसाच राहिला. माझ्याकडे बघत राहिला.

‘कसला वाटा?’

मी म्हटलं, पश्चिमेचा. पूर्वेचं राहू द्या म्हणालास ना. जीवनभाऊंनी शब्दन् शब्द सांगितला मला.

तो पाटावरून उठला, परातीतला कणकेचा गोळा तोडला आणि ओट्यापाशी गेला. ओटा आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात त्याने गोळा दाबला आणि अंगठ्याने असा ओढत नेला की कोपरा बुजून गोल झाला.

‘हा वाटा,’ तो म्हणाला. ‘छज्जा अन् भिंत मिळते तिथं सिमेंटचा आसा गोल कोपरा करायचा. म्हणजे पाणी कोपऱ्यात बसत नाय, पुढं निघून जातं. गवंडी लोक वाटाच म्हणत्यात याला. आपली पाण्याची टाकी बांधली तवा मला कळलं. तुझ्या पट्टीचा दोष नाय ताई. पाणी वरून छज्ज्यावर साचतं, भिंतीत मुरतं अन् खिडकीत उतरतं. पाऊस पश्चिमेकडून मारतो, म्हणून म्हणलं पश्चिमेकडं तरी वाटा द्या.’

मी त्या कणकेकडे बघत होते. काउंटरवरचा तो फोन, लिलावातला तो फोन, एकेक शब्द आठवायला लागला आणि प्रत्येक शब्द उलटा होत गेला. दोन दिवसांचं काम. सगळं घर हातचं जाईल. आणि मी, माझ्या जिवंतपणी नाही. छज्ज्याच्या कोपऱ्यासाठी.

मला हसू फुटलं. मी ओट्याला टेकून हसत होते, पण सोमा हसत नव्हता. त्याने घमेलं उचललं आणि जिना चढून गेला.

माझं हसू तिथेच विरलं. मी त्याच्या मागून गेले. पश्चिमेच्या बाहेरच्या सज्ज्यात त्याने शिडी लावली होती. पाऊस थांबला होता, पण शिडीचा पाय ओल्या फरशीवर सरकत होता. मी दोन्ही हातांनी शिडी धरली. तो वर छज्ज्याचा कोपरा खरवडत होता, शेवाळ माझ्या डोक्यावर पडत होतं. मी हललेसुद्धा नाही. मनात म्हटलं, पडू दे, एवढं तर व्हायलाच पाहिजे.

बऱ्याच वेळाने तो वरूनच बोलला. ‘इतके दिवस तू हे मनात ठेवलंस?’

हो, म्हटलं.

‘मला वाटलं तू खर्चाला भिऊन नाय म्हणतीस. म्हणून सिमेंट घेऊन आलो.’

मी म्हटलं, सोमा, माझं चुकलं. मी तुला ओळखायला हवं होतं. तो थापी मारत राहिला. मग त्याने बाटली मागितली. मी दिली, ती ओल्या सिमेंटवरून फिरवून त्याने कोपरा गोल केला. खाली न बघता म्हणाला,

‘सगळं तुझंच चुकलं आसं नाय. खोली मला पायजेच होती.’

माझे हात शिडीवर घट्ट झाले.

‘वैष्णवीला कॉलेज रोडला लागलंय. गेल्या महिन्यातच कळलं. होस्टेलला नाव नाय लागलं, अन् बाहेर खोली घेऊन पोरीला एकटी ठेवायला अंजली तयार नाय. तुला विचारायला दोनदा आलो. तोंडच उघडंना. जीवनला भेटलो त्या दिवशी तर फॉर्मच्या कामाला आलतो, तुझ्या पतसंस्थेच्या दारातून परत गेलो.’

का, मी विचारलं.

‘गावात लोक काय बोलत्यात तुला म्हाईत नाय का. आधी पोरगी ठेवतो, मागून बाप येतो, मग घर बसतं त्याच्या नावावर. मला वाटलं तू म्हणशील, भाऊ हातपाय पसराया लागला. म्हणलं आधी भिंत तरी कोरडी करू. पोरीच्या छातीत लहानपणापासून भरतं, ओलीत तिला झोपवता यायची नाय. खोली चांगली झाली की मग विचारू.’

म्हणजे मी इथे रोज घाबरत होते की तो मागेल, आणि तो तिथे घाबरत होता की मी तो मागतोय असं समजेन. मी त्याला तसं म्हटलं. तो शिडीवर उलटा वळला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या केसांत शेवाळ, त्याच्या राखीवर सिमेंट. मग तो हसला. इतका हसला की शिडी हलायला लागली आणि मला ओरडावं लागलं की आधी खाली उतर.

खाली आल्यावर म्हणाला, ‘मग? ठेवशील का पोरीला?’

मी नुसती मान हलवली, आणि मग नीट उत्तर द्यावं म्हणून म्हटलं, विचारतोस काय, आज का नाही आणलीस?

पुऱ्या झाल्या त्या दुपारी उशिरा. जीवनभाऊंना सोमासमोरच फोन लावला आणि सांगितलं, वाटा द्यायचा ठरला. ते म्हणाले, बघा ताई, मिटलं की नाही दोघांचं. मग कळलं, त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं की ही गोष्ट सिमेंटची आहे. मी कशाबद्दल बोलतेय ते मात्र त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांचा बिचाऱ्यांचा यात एवढाच दोष की काम वाढू नये असं त्यांना वाटत होतं.

१२ ऑगस्ट

कुसाबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणून मी तुला सांगितलं होतं, बोललेलं लिहून ठेव. मी म्हटलं, लिहूनच तर ठेवलं होतं. त्या थोडा वेळ विचारात पडल्या.

अंजलीशी फोनवर बोलले. ती आधी नुसती रडली, मग वैष्णवीला काय काय खायला आवडत नाही ते तिने सांगितलं. ते बरंच आहे. कागदाचं सोमाजवळ काढलं. तो म्हणतो कशाला, मी म्हणते करायचाच, शेती तुझी, घर माझं, बाबा म्हणायचे तसा. दिवाळीनंतर जाऊ असं ठरलं. एवढं मनासारखं ठरलं तरी मला त्या दिवसाची काही घाई नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

कालपासून पाऊस. सकाळी उठल्याबरोबर वर गेले, भिंतीवर तळहात ठेवला, मग गाल ठेवला. कोरडी. बादली न्हाणीघरात परत नेऊन ठेवली. मला इतकं हलकं वाटलं की पतसंस्थेला सुट्टी नसती तर आज मी काउंटरवर सगळ्यांशी गोड बोलले असते.

जीवनभाऊ येऊन गेले. कोपरा पाहिला आणि बहिरूला म्हणाले, बघ, मी म्हणत होतो ना, वाटा पाहिजे होता. मी चहा दिला. काळे ठिपके घासून रंगाचा एक हात त्यांनी आपणहून मारून दिला होता, ते लक्षात घेऊन दुसरा कपही दिला.

दुपारी सोमा वैष्णवीला घेऊन आला. अंजलीही आली. एक गादी, दोन बॅगा, पुस्तकांचं खोकं, आणि सहा महिने पुरेल एवढा शेंगदाण्याचा कूट. सोमाने पलंग खिडकीपासून सरकवला, टेबल लावलं. निघताना अंजलीने मला धरून ठेवलं आणि सोमा पिकअपपाशी जाऊन उगाच टायर बघत बसला.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी मी आत आले. खालच्या खोलीत बसून डाळ निवडत होते. वर खुर्ची सरकल्याचा, पिशव्या उघडल्याचा आवाज येत होता. बाबा गेल्यापासून वरून कसला आवाज आला नव्हता. मग जिन्याच्या तोंडाशी येऊन तिने हाक मारली.

‘आत्या, माझ्या खोलीतलं बटण कुठंय गं?’

माझ्या खोलीतलं. माझा हात डाळीत थांबला. कुठे काही दुखतं का ते मी बघत होते, इतके दिवस याच शब्दाच्या भीतीने झोप उडाली होती म्हणून. काही दुखलं नाही. उलट ती पुन्हा म्हणेल का, असं वाटलं.

‘कुणाच्या खोलीतलं?’ मी विचारलं.

‘माझ्या,’ ती म्हणाली. ‘पश्चिमेच्या.’

दाराच्या मागे आहे, मी म्हटलं, आणि सुपातली डाळ बाजूला ठेवून तिला दाखवायला वर गेले.